टू-टी ऑइल चुलीवर ठेवायची वस्तू नाही

"जुनं टू-टी ऑइल फेकू नका, पैसे वाचवा" असा एक मेसेज महिनाभर आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. टू-टी ऑइल म्हणजे फवारणी पंप, ग्रास कटर यांच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये कालवायचं, पेट्रोलबरोबरच जळून जाणारं तेल. माझ्याकडे तो मेसेज चार वेळा आला आणि चारही वेळा मी वाचून सोडून दिला. ती माझी चूक. परवा रविवारी जांबोटीकडे मामांच्या घरी गेलो, तर मामा परसात तीन दगडांच्या चुलीवर ऑइलचा पत्र्याचा डबा ठेवून काठीनं ढवळत बसलेले. पलीकडे हाताच्या अंतरावर त्यांची नात खेळत होती.

"हे काय चाललंय, मामा?"

"अगा, तळाला पाणी उतरलंय. तापवून उडवायचं म्हणून ग्रुपवर आलंय की."

आधी जाळ ओढून काढला, मग बोललो. गेली सतरा वर्षं मी खानापुरात फवारणी पंप आणि ग्रास कटर दुरुस्त करतोय. तेव्हा हे लिहायचं कुणी, तर मीच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तेल कधीच खराब होत नाही. पाणी शिरलं असेल तर मंद आचेवर तापवून उडवा. जुनं तेल कमजोर वाटलं तर दुप्पट घाला. पेट्रोलमध्ये कालवून ठेवलं तर वर्षभर टिकतं. आणि काहीच नसलं तर गाडीचं फोर-टी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल चालतं.

तापवण्याचं आधी घेतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी मशीन जाईल, यानं माणूस जाईल.

पाणी उकळून उडायला 100 अंश लागतात. आता डब्यावर बघा, 'जासो एफसी' किंवा 'एफडी' असं छापलेलं असतं. हा दर्जा जपानच्या जासो एम 345 या मानकातला. त्या मानकात टू-टी ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ जाळ दाखवताच पेट घेते तो आकडा, कमीत कमी 70 अंश असावा अशी अट आहे. आयएसओ 13738 या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच 70. एखाद्या कंपनीचं तेल याहून वरचं असेलही, पण तुमच्या हातातला डबा कितीचा, हे चुलीपुढे बसून कळत नाही. पाणी उडवायला 100 वर जायचं, आणि वाटेत 70 वर वाफ पेटायला तयार. खाली जाळ आहेच. मेसेज लिहिणाऱ्यानं हे दोन आकडे एकदा शेजारी मांडले असते तर ती ओळ लिहिली नसती.

"आम्ही इंजिन ऑइल तापवलंय, काही होत नाही," असं सांगणारेही भेटतात. फोर-स्ट्रोकच्या इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण 200 अंशांच्या वर असतो. टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये झटकन मिसळावं म्हणून त्यात रॉकेलच्या जातीचा पातळ द्रव घातलेला असतो. त्यामुळेच ते लवकर पेटतं.

शिवाय पाणी तेलापेक्षा जड. ते डब्याच्या तळाला बसतं, म्हणजे जाळाच्या सगळ्यात जवळ. त्याची वाफ होते तेव्हा ते सुमारे 1,600 पट फुगतं आणि वरचं सगळं तेल उसळवून बाहेर फेकतं. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की कढई कशी तडतडते ते मामींना मुद्दाम सांगावं लागलं नाही. त्यांनी नातीला तेव्हाच उचलून घरात नेलं.

एवढं करून तेल सुधारतही नाही. पाणी उडण्याबरोबर तो पातळ द्रवही उडायला लागतो आणि मागे राहतो तो चिकट गाळ.

आता "कधीच खराब होत नाही" हे. यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. सीलबंद डबा, सावलीत ठेवलेला, वरची तारीख वर्षभरानं उलटलेली असली तरी बहुधा चांगला निघतो. उत्पादक सीलबंद डब्याला साधारण 3 ते 5 वर्षं धरतात, उघडल्यावर त्याहून कमी. नुसता रंग फिका पडला म्हणूनही तेल वाईट ठरत नाही. तो ओळखीसाठी घातलेला रंग असतो, उन्हानं उतरतो. पण मामांचा डबा सीलबंद होता का? त्यांच्याकडे यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स 100 मोटरसायकल होती तेव्हापासूनचा तो डबा. ती गाडी बनायचीच 1996 ला बंद झाली. गाडी विकली, डबा माळ्यावर राहिला, टोपणाच्या जागी कागदाचा बोळा. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. दिवसा डबा तापतो, आतली हवा बाहेर जाते. रात्री गार झाला की ओली हवा आत ओढतो. तिचंच पाणी होऊन तळाला साचतं.

तपासायचं असेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं तेल ओता आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी दुधट दिसलं, तळाला पाण्याची रेघ किंवा जेलीसारखा गाळ दिसला तर ते इंजिनात घालायचं नाही. स्वच्छ असलं तर चमचाभर पेट्रोलमध्ये मिसळा. एकजीव होऊन तसंच राहिलं, तर वापरा. मामांच्या बाटलीत दोन बोटं दुधट थर निघाला.

दुप्पट घालण्यावर फार लिहीत नाही. खराब तेल दुप्पट झालं म्हणून चांगलं होत नाही. प्लग काळा होतो, सायलेन्सरची जाळी कार्बननं भरते. वर, कार्बुरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं आणि इंजिन जास्त तापतं. 1:50 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली तेल, 1:25 म्हणजे 40. मशीनच्या पुस्तिकेत जे असेल तेवढंच.

कालवलेल्या पेट्रोलचं मात्र नीट वाचा, माझ्याकडे पिस्टन धरलेली (सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेली) मशीन्स येतात त्यांत हे कारण पुन्हा पुन्हा निघतं. स्टिल कंपनीच्या ग्रास कटरच्या माहितीपुस्तिकेत मिश्रण 30 दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका असं छापलेलं आहे. आणि मेसेज म्हणतो वर्षभर! 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 6 फेब्रुवारी 2023 ला बंगळुरातूनच देशात सुरू झालं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात जातं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कॅन अर्धवट रिकामा, टोपण सैल आणि वर चार महिने पावसाळा असला की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो. तेल वर पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी. मग इंजिनला जे मिळतं त्यात तेल जवळजवळ नसतंच. चालू झालं तरी कोरडं चालतं, आणि भातकापणीच्या ऐन दिवसांत पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून त्या आठवड्याला लागेल तेवढंच कालवा.

फोर-टी ऑइल जळून जाण्यासाठी केलेलंच नाही. जासोच्या मानकात टू-टी ऑइलची राख 0.25 टक्क्याच्या आत हवी. फोर-टीची त्याच्या कितीतरी पट असते आणि ती प्लगवर, पिस्टनवर बसते. अडचणीला एकदा चाललं म्हणून रोज चालत नाही.

मामांचा डबा बूच लावून गोठ्याबाहेर ठेवलाय. गॅरेजचं जळकं ऑइल गोळा करणारा महिन्यातून एकदा खानापूरला येतो, त्याला देणार. ओढ्यात किंवा उसाच्या बांधावर ओतू नका, ते पाणी खाली कुणीतरी पितं. मामांना एक लिटरचा नवा डबा आणून दिला. 1:50 नं त्यात 50 लिटर पेट्रोल होतं, त्यांच्या मशीनला दोन हंगाम पुरेल.

ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच्या आज एवढं तरी लिहा: टू-टी ऑइल तापवू नका, 70 अंशांना पेटू शकतं.