मालकाचं उत्तर: ‘दीड तास नुसते पेच पिळत बसले’

नमस्कार साहेब,

सर्वप्रथम, आपली रात्र मनासारखी गेली नाही याबद्दल मी आणि माझी पत्नी, दोघंही माफी मागतो. आपण मुलाबाळांना घेऊन मुंबईहून भंडारदऱ्यापर्यंत आमच्याकडे दुर्बिणीतून आकाश बघायला आलात, माणशी २००० रुपये मोजलेत आणि जाताना नाराज होऊन गेलात, हे आम्हाला लागलं.

आपण अभिप्रायात लिहिलंय की दीड तास दुर्बीण जुळवण्यात गेला, ही तयारी आधी करून ठेवता येत नाही का. नवरा-बायको अंधारात एकमेकांवर ओरडत होते. शनीची कडी म्हणून नुसती काडी दाखवली. आणि दुर्बीण म्हणजे प्लायवूडचं जुगाड आहे. पिठलं-भाकरी आणि ठेच्याचं कौतुक केलंत, ते घरात वाचून दाखवलं. वाटेवर अंधार होता ही तक्रार बरोबर आहे. तो आम्ही मुद्दाम ठेवतो, पण तसं आधी सांगायला हवं होतं.

आता दीड तासाचं.

साहेब, आकडा खोटा नाही. ७.१० ला तुमची गाडी फाटकातून आत आली आणि ८.४० ला तुम्ही आयपीसला डोळा लावलात. बरोबर दीड तास. पण ‘तयारी आधी करून ठेवता येत नाही का’ हे वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. कारण तयारी झालेली होती. तुम्हाला ५ ची वेळ दिली होती ती त्यासाठीच, की उजेडात सगळं बघता यावं. ट्रॅफिक कुणाच्या हातात नसतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

त्या दिवशी, २० डिसेंबर २०२५ ला, सकाळीच अमावास्या सरलेली. रात्रभर चंद्राचा त्रास नाही, म्हणून चार कुटुंबं होती. मी दुपारी ४ लाच दुर्बिणीचा आरसा बाहेर काढला. १६ इंची आरसा म्हणजे काचेची जाडजूड परात. पत्र्याच्या खोलीत दिवसभर तापलेली ती काच संध्याकाळी हवेपेक्षा गरम राहते आणि तिच्यावर गरम हवा थरथरत असते, तापल्या तव्यावर दिसते तशी. त्यातून बघितलं तर शनी पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा डुलतो. म्हणून आरशाच्या मागे छोटा पंखा लावून दोन-अडीच तास तो निववावा लागतो. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, दिसायची गरजही नाही.

मग जोडणी. खाली पेटी, पेटीत आरसा, त्यावर आठ नळ्या, नळ्यांच्या टोकाला मोठं कडं आणि कड्याच्या मधोमध चार पातळ पट्ट्यांवर टांगलेला छोटा तिरका आरसा. ही जोडून कायमची उभी ठेवता येत नाही. माकडं आहेत, धूळ आहे, पहाटेचं दव आहे. रोज सुटी करायची आणि रोज जोडायची, म्हणजे दोन्ही आरसे रोज एका रेषेत आणायचे. आम्ही याला कोलिमेशन म्हणतो. मोठ्या आरशाच्या बरोबर मध्यावर कागदाची एक बारकी कडी चिकटवलेली असते, वहीच्या भोकाला लावतात तसली. फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या जागी, चेशायर नावाची साधी नळी घालून बघायचं आणि ती कडी नळीतल्या चकतीच्या पोटात बरोबर मधोमध येईपर्यंत मागचे तीन पेच थोडे थोडे फिरवायचे. चेशायरला उजेड लागतो, म्हणून हे मी सूर्य मावळायच्या आत उरकतो. त्या दिवशीही पावणेसहाला उरकलं होतं.

‘थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं’ असं तुम्ही तिथे हसत म्हणालात. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात अकरा वर्षं लेथवर होतो, सुताचा फरक काय करतो ते हाताला माहीत आहे. आमचा आरसा ४०६ मिलिमीटरचा, फोकल लांबी (आरशापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) १८०० च्या जरा वर, म्हणजे रुंदीच्या साडेचार पट, याला एफ ४.५ म्हणतात. अशा आरशाचं चित्र जिथे खरोखर टोकदार असतं ती जागा मध्यापाशी जेमतेम २ मिलिमीटर रुंद. एफ ८ च्या दुर्बिणीला तीच जागा ११ मिलिमीटर मिळते, तिथे चूक खपून जाते. इथे खपत नाही. आरसा किंचित कलला तरी ताऱ्याला शेपूट फुटतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहू की नको, यात दोन दिवस घालवले. पत्नी म्हणाली, नका लिहू. पण आपण चारचौघांत लिहिलंत, म्हणून मीही लिहितो. ७.३५ ला चहा झाल्यावर आपण फोटोसाठी दुर्बिणीपाशी उभे राहिलात आणि वरच्या कड्यावर कोपर टेकलंत. मी ‘साहेब, हात नको’ म्हणालो, तोवर फ्लॅश पडलासुद्धा. दुर्बीण पंधराएक अंश खाली गेली आणि एका नळीची पकड सरकली. आपण मुद्दाम केलं असं मी मुळीच म्हणत नाही. ती दिसतेच अशी की माणसाला हात ठेवावासा वाटतो. पण उजेडात केलेलं सगळं काम तिथे गेलं, आणि फ्लॅशमुळे अंधाराला सरावलेले बाकी तीन कुटुंबांचे डोळेही.

अंधारात चेशायर चालत नाही, म्हणून लेझर काढला. फोकसरमध्ये लेझर बसवायचा, लाल ठिपका आधी त्या कागदी कडीत आणायचा, मग परतून आलेला ठिपका लेझरच्याच भोकात नेऊन बसवायचा. पाच-सात मिनिटांचं काम. आणि इथे आमची चूक झाली, ती कबूल करतो. आदल्या आठवड्यात तो लेझर माझ्या हातून फरशीवर पडला होता. वरून काही दिसलं नाही, म्हणून तसाच वापरला. सगळं जुळलं म्हणून ताऱ्यावर नेऊन बघितलं तर चित्र एका बाजूला ओढलेलं. लेझर जागेवर गोल फिरवून पाहिला, तर ठिपक्यानेही आरशावर रिंगण घातलं. सरळ लेझरचा ठिपका जागचा हलत नाही. म्हणजे लेझरच वाकडा. दीड तासातली वीस-पंचवीस मिनिटं त्या लेझरची, म्हणजे माझी.

मग उरला शेवटचा उपाय: थेट ताऱ्यावर जुळवणं. आपल्याला जे भांडण वाटलं ते हेच. पेच मोठ्या आरशाच्या मागे, आयपीस पावणेदोन मीटर पुढे. एका माणसाचे हात तिथपर्यंत पुरत नाहीत. आम्ही ध्रुवावर जुळवतो. तो इथून जेमतेम साडेएकोणीस अंश वर असतो, तिकडची हवा जाड, पण तो जागचा हलत नाही. दुसरा कुठलाही तारा १८० पट मोठं करून बघताना मिनिट-दीड मिनिटात नजरेतून पळून जातो. फोकस थोडा बिघडवला की ताऱ्याची चकती दिसते आणि चकतीत छोट्या आरशाच्या सावलीचं काळं भोक. आमच्या घरात याला मेदूवडा म्हणतात. भोक मधोमध आलं की काम झालं. पत्नी आयपीसला, मी मागे गुडघ्यांवर. ती म्हणणार ‘उजवीकडे सरकलंय’, मी विचारणार ‘किती?’, ती म्हणणार ‘पाव आटा, अहो पाव, अर्धा नाही!’ दर वेळी पेच फिरवला की तारा मध्यातून निसटतो, तो तिने परत मध्ये आणायचा. पंखा चालू, वारा, कानाला मफलर. हळू बोललं तर ऐकू येत नाही. आमचं लग्न होऊन सोळा वर्षं झाली, भांडायचंच असेल तर आम्ही दिवसा भांडतो.

शनीबद्दल सांगतो. कडी काडीसारखी दिसली, कारण २०२५ मध्ये ती खरंच काडीसारखी होती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा शनीची कडी आपल्याला कडेवरून दिसतात. याआधी २००९ मध्ये असं झालं होतं, मग २०२५ च्या मार्चमध्ये झालं, आणि त्या डिसेंबरातही त्यांचा कल जेमतेम एक अंश होता. पुस्तकातल्या चित्रासारखी पुरती उघडलेली कडी बघायला २०३२ च्या आसपास यावं लागेल. ती रेघ इतकी सुईसारखी दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन आणि आणखी दोन-तीन चंद्र ओळीने दिसले, ते आरसे जुळले होते म्हणून. तुमच्या मोठ्या मुलीने चंद्र मोजले, मी बाजूलाच होतो.

आणि प्लायवूड. साहेब, ही रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉबसन तेवीस वर्षं कॅलिफोर्नियात रामकृष्ण परंपरेच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून आरसे केले, प्लायवूडच्या पेटीत बसवले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवलं. जगभर मोठ्या हौशी दुर्बिणी आजही अशाच बनतात, कारण प्लायवूड कंप गिळतं. ते फुकट दाखवायचे, हे खरं. त्यांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता.

हप्त्याचं बोलायला नको होतं, पण निघालंच. पावसाळा गेला, चांदण्या रात्री गेल्या, ढग वगळले की वर्षाकाठी आमच्या हाती दहा-बारा शनिवार राहतात. आपला अभिप्राय आल्यावर जानेवारीची दोन बुकिंग रद्द झाली. दोघांनीही फोनवर ‘ते दीड तासाचं’ विचारलं.

सुधारणांचं म्हणाल तर, नवीन लेझर मागवला आहे. दुर्बिणीभोवती दोरी बांधायचं बघतोय. माझी जुनी ६ इंची दुर्बीण, जिचा आरसा मी स्वतः घासलाय, ती मधल्या वेळेत कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका दाखवायला लावून ठेवता येईल का, तेही बघू. माणूस एक जास्त लागेल, जमलं तर करू. आपण पुन्हा आलात तर दराचं काहीतरी नक्की करू. फक्त ५ ला या.

ता. क. आपल्या धाकट्याची निळी कानटोपी तंबूत राहिली आहे. पत्नीने धुऊन ठेवली आहे. पत्ता फोनवर कळवा, कुरियरचे पैसे नकोत.