पूल हवाच, फक्त जरा रुंद

आमच्या नारायण पेठेत पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात आणि त्याच्यावर बोलायला सकाळ पुरत नाही. २०२५ मध्ये डेक्कनच्या मेट्रो स्थानकापासून नदीवरून इकडे पेठेत उतरणाऱ्या पादचारी पुलाचं काम निघालं, त्यासाठी भिडे पूल वाहतुकीला बंद केला, आणि टपरीवर मतांना जो पूर आला तसा खडकवासल्यातून पाणी सोडल्यावरही येत नाही. खरं तर भिडे पुलासारखा गरीब पूल नाही. धरणातून पाणी सोडलं की निमूट पाण्याखाली जातो, आणि चॅनेलवाले काठावर छत्री धरून पुण्यात पाऊस झाल्याचं पुण्याला सांगतात.

मी पायी जाणारा माणूस. म्हणजे टपरीवर माझं मत विचारात घेत नाहीत. मी झेड पुलावरून डेक्कनला जातो. तो पूल दुचाकींसाठी, आणि संध्याकाळी दुचाकी कठड्याला लावून बसलेल्यांसाठी. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन तिथून जाताना आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यातून चाललोय असं वाटतं.

“लकडी पूल बघा,” नाना रोजच्याप्रमाणे पानिपतापासून सुरू झाले. “१७६१ साल. पानिपत झालं आणि पेशव्यांनी पूल बांधून घेतला. हरकती-सूचना मागवल्या होत्या का कुणी?”

“मागवल्या असत्या,” टेलरकाका म्हणाले, “तर सैन्य अजून डेक्कनलाच उभं असतं, नाना.”

शेवटी आमच्या सोसायटीनेही महापालिकेला लेखी सूचना द्यायचं ठरवलं. गच्चीवर बैठक झाली. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आणखी एक स्वतंत्र पूल हवा, याला सगळ्यांचा पाठिंबा. एकमत! आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या रंगावरूनही ते झालं नव्हतं. सेक्रेटरींनी लिहायला घेतलं आणि तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला.

“पूल हवाच. फक्त जरा रुंद करा म्हणावं.”

“किती रुंद, काकू?”

“स्कूटर जाईल एवढा.”

“मग तो पादचारी पूल कसा?”

“अहो, स्कूटरवरून उतरलं की आम्ही पादचारीच!”

यावर मला काही सुचेना. सेक्रेटरींना सुचलं. त्यांच्या मते तोंडाशी लोखंडी खांब रोवले की दुचाकी येणारच नाहीत. असे खांब आमच्या कोपऱ्यावरच्या फुटपाथला आहेत, आणि माझ्या खिडकीतून ते रोज दिसतात. गाडीवाला येतो, खांबांपाशी थांबतो. आधी डावा आरसा मिटतो, मग उजवा. मागे बसलेली बायको न सांगता उतरते, हँडलला अडकवलेली दुधाची पिशवी काढून हातात घेते. तो श्वास रोखून, जीभ बाहेर काढून, गाडी इंचाइंचाने आत घालतो. पलीकडे गेल्यावर दोन्ही आरसे उघडून आधी भांग बघतो. मग हॉर्न वाजवतो. मला.

सायकलींचा मुद्दा निघाला तेव्हा गच्ची हळवी झाली. प्रत्येकाकडे सायकल होती, प्रत्येक जण फर्ग्युसनला नाहीतर एसपी कॉलेजला सायकलवर गेलेला, आणि प्रत्येकाची सायकल सध्या जिन्याखाली, हवा गेलेली. २०१७ च्या शेवटी भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली शहरात आल्या होत्या. आल्या तशा गेल्या. त्यातली एक आमच्या मागच्या बोळात बरेच दिवस दोरी बांधून टॉवेल वाळत घालायला होती, त्यामुळे योजना अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही.

“पण वर्षातून एकदा लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात की,” कुणीतरी म्हणालं. ठेवतात, ११ डिसेंबरला, पादचारी दिन म्हणून. उरलेले दिवस कुणाचे, ते जाहीर करायची गरज पडत नाही.

या सगळ्यात कामाचा प्रश्न एकटीने विचारला, आणि तिला बैठकीचं निमंत्रणही नव्हतं. गेटपाशी केळी विकणाऱ्या मावशी खालूनच ओरडल्या, “पूल उतरणार कुठं तेवढं सांगा, म्हंजी आदल्या दिवशी जागा धरून ठेवते!”

अर्ज तयार झाला. पूल पादचाऱ्यांसाठी असावा. सायकलींसाठी असावा. दुचाकींना मनाई असावी, स्थानिक रहिवाशांच्या सोडून. पुलावर फेरीवाले नसावेत, केळीवाल्या मावशी चालतील. आणि पूल चालत ओलांडायला येणाऱ्यांसाठी दोन्ही टोकांना चारचाकींच्या पार्किंगची सोय असावी. हे शेवटचं कलम टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

अर्ज नेऊन द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, मला चालायची सवय आहे म्हणून. मी निघालो तर सेक्रेटरी गाडी काढून उभे. “एवढ्याशासाठी चालत काय जाताय? बसा मागे.” एकेरी रस्त्याने उलटे जाऊन आम्ही लवकर पोचलो.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, शेवटचं कलम पुन्हा एकदा वाचलं, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “ही हरकत की सूचना?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

“मग दोन प्रती लागतील. झेरॉक्स समोर मिळेल, रस्ता ओलांडून.”