कोळसा दिसतो, शंख दिसत नाही

आमच्या वास्कोच्या घरच्या ग्रुपवर सध्या कोळशाशिवाय विषय नाही. मुरगाव बंदरात तो उतरावा की नाही, रेल्वेचा दुसरा रूळ हवा की नको. काका रोजगाराचं बोलतात, वहिनी मुलांच्या छातीचं. मी इंग्लंडमधल्या प्लिमथहून मध्येच एका समुद्री गोगलगायीचा फोटो टाकला. दादाचं उत्तर आलं, ‘तुला तिकडे बसून बरं सुचतं रे!’

सुचतं खरं. ओहोटीला इथल्या खडकांवर अंगठ्याच्या पेराएवढा करडा-पांढरा शंख सापडतो, तीच ती फोटोतली गोगलगाय. कपारीत त्याची अंडी असतात, गव्हाच्या दाण्यांसारख्या पिवळसर कुप्या झुपक्यानं चिकटवलेल्या. १९७० च्या सुमारास याच किनाऱ्यावरच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं आढळलं. कारण सापडायला ऐंशीचं दशक उजाडलं. बोटींच्या बुडाला शेवाळ आणि शिंपलं धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटाइल टिन हे कथिलाचं विषारी रसायन असायचं. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भागही पुरतो. मादीचा अंडमार्ग बुजतो, अंडी आतच साठतात आणि शेवटी ती मरते. या शंखाची पिल्लं कुपीतून थेट खडकावर रांगत येतात, पाण्याबरोबर वाहून दूर जात नाहीत. म्हणून एक किनारा रिकामा झाला की भरायला वर्षानुवर्षं लागतात.

आता हे ऐकून ‘बघा, साहेब किती पुढे’ असं कुणी म्हणू नये. गोगलगायीसाठी कायदा कुणी केला नव्हता. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवांची शेती बुडाली, तेव्हा १९८२ मध्ये तिथे या रंगावर बंदी आली. ब्रिटननं १९८७ मध्ये केली, तीही पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींपुरती. मोठ्या जहाजांना जगभर आळा बसला तो २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, आणि तो लागू व्हायला २००८ उजाडलं. शिवाय इथल्या नद्यांत सांडपाण्यातल्या हार्मोन्समुळे नर माशांत अंडपेशी सापडल्यात, ते वेगळंच. शहाणपण शिकवण्याएवढं यांचं घर स्वच्छ नाही.

पण एक गोष्ट मला खुपते. असं काही आपल्याकडेही झालंय, आणि त्याचा पुरावा कुठल्या परदेशी पाहुण्यानं शोधलेला नाही. १९९९ मध्ये दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी माद्यांना नराचं इंद्रिय फुटण्याची ही विकृती एका शंखात नोंदवली. त्याचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. नावातच कोकण! तरी आमच्या ग्रुपवर, आणि ग्रुपबाहेरही, त्याचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. कोळशाची भुकटी पांढऱ्या शर्टावर उठून दिसते, म्हणून ती भांडणात येते. टिन शर्टावर बसत नाही.

दादाचा मुद्दा असा की तो रंग आता बंद झालाय, मग जुनं उकरायचं कशाला? उकरायचं म्हणूनच तर विचारतोय. हे रसायन गाळात वर्षानुवर्षं टिकतं, बंदरात आणि जहाजं दुरुस्त होतात तिथे जास्तच. जुवारीच्या काठी बार्जेसचे कारखाने काय कमी आहेत? जुना रंग खरवडला की त्याच्या खपल्या कुठे जातात, हे कुणी विचारत नाही. आणि ड्रेजिंगचा, म्हणजे बंदराच्या तळाचा गाळ उपसण्याचा, विषय निघाला की चर्चा खोलीची होते, गाळात काय आहे याची नाही.

मला बंदर बंद करायचं नाही. माझं मागणं लहान आहे. ड्रेजिंगआधी गाळातलं टिन मोजा, आणि दरवर्षी ओहोटीला खडकावरचे शंख तपासा. हे कॉलेजची पोरंसुद्धा भिंग घेऊन शिकून करू शकतील. दादाला हे सगळं लिहून पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘शंख कुठे मिळतात ते सांग, रविवारी पुतण्याला घेऊन बायण्याच्या किनाऱ्यावर जातो.’