मत विचारायचे आणि मत लिहिले म्हणून गुण कापायचे

काल संध्याकाळी मुलीचा बारावीच्या इंग्रजीचा सराव पेपर क्लासमधून तपासून आला आणि तो पाहिल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. उताऱ्याखालच्या दोन गुणांच्या वैयक्तिक मताच्या प्रश्नात विचारले होते की, अनोळखी माणसाने तुम्हाला कधी मदत केली आहे का. तिने लिहिले की, मागच्या जुलैत गाड्या बंद पडल्या तेव्हा कुर्ल्याच्या अलीकडे रुळांवरून चालताना एका भाजीवाल्या मावशींनी तिचा हात धरून तिला फलाटापर्यंत आणले आणि आपली रिकामी पाटी दोघींच्या डोक्यावर धरली. वाक्ये साधी होती, एके ठिकाणी काळ चुकला होता, पण प्रत्येक शब्द तिचा स्वतःचा होता. त्या उत्तरावर लाल शाईची तिरकी रेघ, बाजूला शून्य आणि खाली शेरा: ‘नोट्समधले उत्तर लिहा.’

मी नोट्स काढून पाहिल्या. त्यात गावी जाताना रात्री काकांची मोटार बंद पडते आणि एक शेतकरी धावून येतो. आमच्या घरात मोटार असलेले काका नाहीत, भांडुपच्या त्या क्लासमधल्या बहुतेक मुलांच्या घरातही नसतील. तरीही सगळ्यांनी तेच काका, तीच मोटार आणि तोच शेतकरी पाठ करून स्वतःचा अनुभव म्हणून लिहायचा आहे. सरांना फोन केला तर म्हणाले, “ताई, बोर्डाचा परीक्षक पॉइंट शोधतो, रिस्क कशाला घ्यायची?” स्वतः पाहिलेली, स्वतः भोगलेली गोष्ट लिहिणे ही रिस्क आहे, हे एक शिक्षक एका आईला सांगतो, आणि अशा शिकवणीची वर्षभराची फी आम्ही आगाऊ भरलेली आहे!

कवितेच्या रसग्रहणाचेही तेच. कविता कोणतीही येवो, कवीची भाषा सोपी व ओघवती आणि संदेश प्रेरणादायी, हे परिच्छेद आधीच तयार असतात. मधल्या जागेत फक्त शीर्षक भरायचे. व्याकरणात ‘नो सूनर’ आणि ‘टू काढून लिहा’ हे वर्षभर घोटून घेतात, पण त्याच मुलीला बँकेत इंग्रजीत चार वाक्ये बोलायला कोणी शिकवत नाही. सर्वांत संताप येतो तो गटचर्चेचा, कारण चर्चा करायला दुसरे कोणी नसतेच. एकटीने बाकावर बसून तीन-चार जणांची मते त्यांच्या नावांनी लिहायची, आणि तीही क्लासने दिलेली.

मंडळही यातून सुटत नाही. २१ फेब्रुवारी २०२३ ला इंग्रजीच्याच पेपरात कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापला गेला, मुले गोंधळून बसली आणि नंतर ६ गुण देऊन प्रकरण मिटवले गेले. छपाईच्या इतक्या मोठ्या चुकीला क्षमा मिळते, मग माझ्या मुलीच्या खऱ्या उत्तराला एखादा गुण देताना क्लासच्या हाताला काय होते?

लेखी ८० गुणांचे हे असे, तर उरलेल्या २० गुणांची तोंडी परीक्षा मागच्या आठवड्यात तिच्या महाविद्यालयात झाली. इंग्रजीत बोलायची हीच एकमेव संधी, म्हणून तिने रात्ररात्र आरशासमोर उभे राहून तयारी केली होती. आत नाव विचारले, छंद विचारला, एक परिच्छेद वाचायला लावला आणि “नेक्स्ट” म्हणून बाहेर काढले. ती छंदाबद्दलचे दुसरे वाक्य बोलत होती, तेही पुरे होऊ दिले नाही. त्या २० पैकी गुण तिला भरघोस मिळतील, कारण ते सगळ्यांनाच मिळतात, आणि मला त्याचाही तितकाच राग येतो.