आडव्या पासचं दुखणं

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशिया चषकाची आशा संपली. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून मारलेला गोल सुरेख होता. त्यानंतर जे दिसलं ते ओळखीचं होतं: सेंटर-बॅककडून (मधला बचावपटू) सेंटर-बॅककडे, तिथून फुल-बॅककडे (कडेचा बचावपटू), पुन्हा मागे, आणि शेवटी वैतागून कडेवरून गोलसमोर एक उंच क्रॉस. पुढच्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं.

गावाकडचे फुटबॉलवेडे तेव्हापासून तीन गोष्टींवर भांडताहेत. आपल्याकडे स्ट्रायकर नाही. प्रशिक्षक बदला. परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणा. जर्मनीत बसून ही भांडणं वाचताना सारखं वाटतं की चेंडू शेवटी ज्याच्याकडे जातो त्याच्याबद्दलच सगळे बोलताहेत. तो चेंडू तिथवर किती उशिरा पोचतो, हे कुणी मोजत नाही.

स्ट्रायकरची ओरड खोटी नाही. सुनील छेत्रीचे देशासाठी 95 गोल आहेत आणि त्याच्या जवळपास फिरकणारा दुसरा कुणी नाही. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक 23 गोल मोरोक्कोच्या अजाराईचे होते आणि भारतीयांत पहिला होता चाळिशीचा छेत्री, 14 गोलांसह. क्लब नऊ नंबरची, म्हणजे स्ट्रायकरची, जागा परदेशी माणसाला देतात, मग देशाला नऊ नंबर कुठून मिळणार? मान्य. पण मार्च 2024 ते मार्च 2025 या वर्षात अफगाणिस्तान, कुवेत, मॉरिशस आणि बांगलादेश या चौघांशी आपण 0-0 खेळलो. त्यातल्या पहिल्या दोन सामन्यांत छेत्री मैदानात होता, बांगलादेशविरुद्धही होता.

खरा गोंधळ मागे आहे. साधा हिशेब मांडू. मैदान 68 मीटर रुंद. समोरचा संघ 4-4-2 (चार बचावाला, चार मधे, दोन पुढे) करून स्वतःच्या अर्ध्यात खाली बसलाय. आपल्याला चेंडू लेफ्ट-बॅककडून दोन सेंटर-बॅकांमार्फत राइट-बॅककडे न्यायचाय, म्हणजे तीन पास. मधल्या दोघांनी तीन-तीन टच घेतले (थांबव, सरकव, दे) तर एकेकाकडे दोन सेकंद जातात. पास मऊ असेल तर प्रत्येकाला पावणेदोन सेकंद लागतात. एकूण नऊ सेकंदांच्या वर. तेवढ्या वेळात समोरच्या फळीला फार तर वीस मीटर बाजूला सरकायचं असतं, आणि ते रमतगमत पळूनही सात सेकंदांत होतं. चेंडू पोचतो तेव्हा माणूस आधीच हजर! हाच प्रवास दोन टच आणि घट्ट, जमिनीलगतच्या पासने केला तर पाच-सव्वापाच सेकंद लागतात, आणि राइट-बॅकपुढे पाचेक मीटर मोकळे मिळतात. खेळाडू तेच, धावण्याचा वेग तोच.

घट्ट पास का येत नाही? कारण घेणाऱ्यावर भरवसा नसतो. आपला मिडफिल्डर बहुतेक वेळा स्वतःच्या गोलकडे तोंड करून, जवळच्या पायावर चेंडू घेतो. जोरात दिलेला पास त्या पायावरून उडतो, म्हणून देणारा मऊ देतो. मऊ पास येईपर्यंत पाठीवर माणूस चढतो, म्हणून घेणारा आल्या वाटेने परत देतो. उपाय कागदावर सोपा आहे: पास यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, अंग अर्धं वळवून उभं राहायचं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पहिल्याच टचला तोंड पुढे होतं. देणाऱ्यानेही पास त्याच पायावर मारायचा. अर्धा मीटर चुकला तरी हल्ला मेला. ब्रँडन फर्नांडिससारखा एखादा हे करतो, आणि तो दुखापतीने बाहेर असला की संघ आडवा होतो.

पुढच्या फळीचा अंदाज तर बचावपटू झोपेतही बांधतील. लिस्टन कोलासो डावीकडे, उजव्या पायाचा. छांगते बहुधा उजवीकडे, डाव्या पायाचा. दोघंही आत वळून मारणार. आत वळणं चुकीचं नाही, पण त्याच वेळी फुल-बॅक बाहेरून मागून धावला नाही तर बचावपटूला निवड करावीच लागत नाही. तो आतली वाट अडवून उभा राहतो. मग क्रॉस येतो, आणि बॉक्समध्ये आपला एक माणूस दोन उंच सेंटर-बॅकांच्या मधे. निदान तिघं हवेत, जवळच्या खांबाशी, पेनल्टीच्या ठिपक्याशी आणि लांबच्या खांबाशी, शिवाय परतणाऱ्या चेंडूसाठी बॉक्सच्या कडेला एक. ते पोचत नाहीत, कारण आधीच्या नऊ सेकंदांत सगळे उभे राहून बघत होते.

प्रशिक्षकाचं म्हणाल तर खालिद जमील यांचा खेळ ठाऊक आहे: बचाव घट्ट, चेंडू लवकर पुढे, सेट-पीसवर (फ्री-किक, कॉर्नर) मेहनत. आय-लीगमध्ये आयझॉलला 2017 साली त्यांनी याच जोरावर जिंकवलं. मध्य आशियाच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला 2-1 ने हरवलं तेव्हा दोन्ही गोल सेंटर-बॅकांचे, अन्वर अली आणि झिंगन यांचे होते. प्रतिस्पर्धी पुढे येऊन खेळतो तेव्हा ही रीत चालते. तो चेंडू आपल्यालाच देऊन खाली बसला की मात्र कोंडी. त्यांच्या आधी मानोलो मार्केझ होते, त्याआधी स्टिमाच. कोंडी तिघांच्याही काळात तीच.

इथे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. 2018 च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाकडून 0-2 हरून जर्मनी गटातच बाद झाला, 2022 मध्ये पुन्हा गटातच. दोन्ही वेळा चेंडू बहुतांश त्यांच्याकडे होता आणि दोन्ही वेळा प्रेक्षक 'चेंडू फिरवत बसता, मारत नाही' म्हणून चिडले होते. स्पेनने रशियाविरुद्ध 2018 ला आणि मोरोक्कोविरुद्ध 2022 ला हजारावर पास दिले आणि दोन्हीदा पेनल्टींवर हरला. 2024 चा युरो त्याच स्पेनने जिंकला. पासचा स्वभाव तोच होता, पण दोन्ही कडांना यमाल आणि निको विल्यम्स हे समोरच्याला एकटं गाठून चकवणारे होते.

फरक आहे तो चिडल्यानंतरच्या कामात. 2000 च्या युरोत गटात तळाला राहिल्यावर जर्मन संघटनेने देशभर साडेतीनशेच्या वर प्रशिक्षण तळ उभे केले आणि बुंडेसलीगाच्या क्लबांना अकादमी सक्तीची केली. अलीकडे मुळालाच हात घातला. 2024-25 पासून सहा-सात वर्षांची मुलं सात-सात जणांचे सामने खेळत नाहीत. दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, चार छोट्या गोलांवर. प्रत्येक संघाला दोन गोल वाचवायचे आणि दोनांवर मारायचे. गोल झाला की दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू बदलतो, म्हणजे कुणी बाकावर कुजत नाही. छोटे सामने, मग जिंकणारा एक मैदान वर सरकतो, हरणारा एक खाली. गुणतक्ता नाही. यावरही इथे भरपूर ओरड झाली, पोरांना हरायला शिकवत नाहीत वगैरे.

चार गोलांमागे हिशेब आहे. एका गोलापुढे गर्दी झाली तर दुसरा मोकळा असतो, म्हणून पोराला मान वर करून बघावंच लागतं. वर सांगितलेलं खांद्यावरून बघणं सातव्या वर्षी असं न सांगता शिकलं जातं. पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय शिबिराच्या आठ दिवसांत ते घोटून बसत नाही.

आपल्याकडे 2018 पासून लहान मुलांची गोल्डन बेबी लीग आहे आणि कल्पना नेमकी हीच आहे. पण शालेय स्पर्धांना बारा वर्षांची पोरं अजूनही मोठ्या मैदानावर अकरा-अकरा उतरवली जातात. तिथे जो लवकर उंच झाला तो जिंकतो आणि लांब लाथ मारणारा सेंटर-बॅक हिरो ठरतो. महाराष्ट्र सरकारने तेरा वर्षांखालच्या साठ मुला-मुलींसाठी 'महादेवा' योजना आणली, ती चांगलीच आहे. मात्र निवड होईपर्यंत पहिला टच घडून गेलेला असतो, आणि साठ हा आकडा एखाद्या तालुक्याला शोभेल. त्याउलट मुंबई-पुण्यातली जाळीबंद टर्फ या कामाला आयती आहेत. सकाळी ती रिकामी असतात. एका टर्फमध्ये तीन-तीनचे दोन सामने बसतात. गोलांच्या खुणेला सोळा प्लास्टिकचे कोन लागतात, चार नंबरचा चेंडू नको, तीन नंबरचा हवा. एक गोष्ट बदलावी लागेल: जाळीवर आपटून चेंडू परत येतो त्याची सवय घातक, म्हणून जाळीपासून दोन मीटर आत रेघ मारायची आणि बाहेर गेला की पायाने आत आणायचा.

राहिले परदेशी भारतीय. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, भारत देत नाही. म्हणून ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक) भारताचा निळा शर्ट घालू शकत नाही. रायन विल्यम्सने, ज्याच्या आईचं घराणं मुंबईचं, 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा वाट मिळाली. असे दोन-चार जण आणखी येतील, यावेत. मात्र त्यांना पास देणारा मऊच देणार असेल तर तेही क्रॉसची वाट बघत उभे राहतील.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुखणं उलट्या बाजूने येतं. पेठेचं पब्लिक एक मागचा पास सहन करत नाही, म्हणून सगळे पुढे लाथा मारतात आणि चेंडू तीन सेकंदांत परत येतो. जर्मनीतल्या छोट्यांच्या सामन्यांत पंच नसतो, प्रशिक्षक एकाच कोपऱ्यात उभे राहतात आणि आई-बापांना रेषेपासून पंधराएक मीटर लांब थांबावं लागतं. तालमीच्या पोरांसाठी हा नियम करायचा तर सुरुवात कडेला ओरडणाऱ्या काकांपासून करावी लागेल.