ढगातला हत्ती आणि पिवळी केळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

एआय मशीनने काढलेलं केळीबागेचं चित्र कसं वाचायचं, या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही चोपड्याहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतरांनी ती वाचली नसेल म्हणून आधी गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं: मशीनच्या चित्रात अर्थ शोधणं म्हणजे ढगात हत्ती शोधणं, आणि बटण दाबण्याला संशोधन म्हणू नये. मी घडाला फणी म्हटलं. चाळीस चित्रांतली मला सोयीची तेवढीच मी उचलली असणार. नव्या मॉडेलमध्ये या चुका राहिलेल्या नाहीत, तेव्हा लेख शिळा. आणि शेवटी अहिराणीत, "मशीनना चित्रमा काय दखी ऱ्हायनात मास्तर, मळामा या."

आधी चूक मान्य करतो. चौथ्या चित्राखाली 'फणी' लिहिलं, तिथं 'घड' हवं होतं. एका घडाला आठ-दहा फण्या आणि फणीला केळी, हे तुमच्याकडे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. ओळ दुरुस्त केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण 'मळामा या' हे मला लागलं. माझं आजोळ अडावदचं, तुमच्याच तालुक्यातलं. चोवीस वर्षं चित्रकला शिकवतोय. मळा न पाहिलेला माणूस असं ठरवून टाकण्याआधी एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. मास्तर हा शब्द आपल्याकडे मानानं घेतला जातो. तुमच्या वाक्यात तो तसा आलेला नाही, आणि ते वाचणाऱ्याला कळतं. उलट बागेत केळी हिरवी असतात आणि वर वळलेली असतात हे डोळ्यांत बसलेलं होतं, म्हणूनच मशीनच्या चित्रात काय बिनसलंय ते मला दिसलं. मतभेदाचं मला वावडं नाही. समोरच्याला अडाणी धरून बोलणं सुरू झालं की मतभेद तिथंच संपतो, हे मात्र सांगायला हवं.

आता हत्ती. तुमची सगळी प्रतिक्रिया या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून त्याला नीट वेळ देतो.

ढगाला कुणी हत्ती शिकवलेला नसतो, तो बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. इथं तसं नाही. स्टेबल डिफ्यूजन, म्हणजे शब्दांवरून चित्र काढणारं मी वापरलेलं मॉडेल; त्याचं चित्र सुरू होतं निव्वळ गोंगाटातून. अँटेना हलली की जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तसा चौकोन. 'सीड' म्हणजे त्या मुंग्यांच्या मांडणीचा नंबर. मशीन पायरी-पायरीनं गोंगाट काढत जातं आणि प्रत्येक पायरीला आपण दिलेल्या शब्दांकडे झुकतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो ढग आहे, त्यात हत्ती शोधणाराही आहे, पण तो शोधणारा मी नाही, मशीन आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मशीनला हत्ती कुणी दाखवला, आणि कोणत्या नावानं दाखवला?

हे बोलायला छान वाटतं म्हणून मी म्हणत नाही, अगदी ढगांवरच हे करून झालेलं आहे. जून 2015 मध्ये गूगलच्या संशोधकांनी फोटो ओळखायला शिकवलेल्या जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) आभाळाचा साधा फोटो दिला आणि तुला जे थोडंफार दिसतंय ते आणखी ठळक कर, असं करायला लावलं. ढगांतून प्राणी निघाले. पुढं डीपड्रीम नावानं ही पद्धत गाजली, तेव्हा कशाचाही फोटो दिला तरी त्यातून कुत्र्यांची तोंडं बाहेर यायची. यात गूढ काही नव्हतं. हे जाळं इमेजनेट या फोटोंच्या साठ्यातल्या ज्या 1000 वर्गांवर शिकलं, त्यांतले शंभराहून जास्त वर्ग कुत्र्यांच्या जातींचे होते. जागांच्या फोटोंवर शिकवलेल्या दुसऱ्या जाळ्यानं नुसत्या गोंगाटातून कमानी आणि मनोरे काढले. अशा चित्रावरून ढगाबद्दल काही कळत नाही. बघणाऱ्याला काय दाखवून वाढवलंय, ते कळतं. मी केळीबागेत शोधत होतो ते नेमकं हेच.

लेखातलं सीड 17 चं चित्र पुन्हा उघडा. प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला दिलेले शब्द, इंग्रजीत एवढाच होता: जळगावच्या केळीबागेतला शेतकरी, फोटो. मधोमध फेटेवाला माणूस, नजर सरळ कॅमेऱ्यात. मागून मावळतीचं सोनेरी ऊन आणि धुरकट हवा. केळीचं खोड नारळासारखं खरखरीत, सोपटांचा तुळतुळीतपणा कुठं नाही. घड पिकून पिवळाधमक, झाडावरच. केळ्यांची टोकं खाली. घडाखाली केळफूल नाही.

यातलं खरखरीत खोड, झाडावरच पिकलेला घड आणि खाली रोखलेली टोकं आपल्या बागेत तशी नसतात. माल हिरवाच कापतात आणि रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात. घड भरत जातो तशी केळी वर वळतात. मग मशीननं हे आणलं कुठून? स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या लायन नावाच्या चित्रसाठ्यातल्या इंग्रजी मथळ्यांच्या चित्रांवर शिकल्या. 2022 चा लायन-5बी हा पूर्ण साठा 5.85 अब्ज चित्र-मथळा जोड्यांचा, सगळा वेबवरून गोळा केलेला. तिथं 'बनाना' हा शब्द दुकानातल्या, टोपलीतल्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या पिवळ्या फळाखाली असतो. दुकानात फणी देठाकडून टांगलेली असते, म्हणून टोकं खाली. हिरवे घड ट्रकमध्ये भरतानाचा फोटो कुणी नुसतं 'बनाना' लिहून टाकत नाही.

सोनेरी उन्हाचंही कारण आहे. शेवटच्या टप्प्यात या मॉडेलला सौंदर्याचे अंदाजित गुण 5 च्या वर असलेली चित्रं दाखवली गेली. गुण देणारंही मशीनच, माणसांनी चित्रांना दिलेल्या पसंतीवर शिकवलेलं. दुपारी बाराचं एप्रिलमधलं आपलं पांढरं ऊन त्या परीक्षेत मागं पडतं. केळफुलाचं कारण मी कातरीत शोधतो. शिकवताना चित्रं 512 बाय 512 च्या चौकोनात बसवली जात आणि उभ्या फोटोचा वरखालचा भाग कापला जाई. त्या आवृत्त्यांत माणसांची डोकी फ्रेमबाहेर जातात ती याचमुळे. लांब घडाचं खालचं टोकही त्याच कातरीत सापडतं.

आणि ज्या निरीक्षणासाठी मी तो सगळा लेख लिहिला, त्याला तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही मिळालेला नाही. तेच सीड, तीच सेटिंग ठेवून प्रॉम्प्टमध्ये फक्त 'हिरवी' हा शब्द वाढवला. माणूस जागच्या जागी, फेटा तोच, ऊन तेच. केळी हिरवी झाली. टोकं मात्र खालीच राहिली. रंग मथळ्यात लिहिलेला असतो, म्हणून शब्दानं तो बदलतो. केळं कोणत्या दिशेला वळलंय हे मथळ्यात कुणी लिहीतच नाही. जे कुणी लिहून ठेवलं नाही ते शब्दानं सहज हलत नाही, आणि अशा जागा एकेक करून शोधणं हे माझं काम आहे. ढगातल्या हत्तीला हिरवा हो म्हटल्यानं तो हिरवा होतो का, भाऊ?

'बटण दाबणं' म्हणालात, तर त्या बटणामागं काय असतं तेही लिहितो. प्रॉम्प्ट आखूड ठेवायचा. एक नाम, एक जागा. 'सुंदर', 'वास्तववादी' असली विशेषणं घातली की आपण विशेषणच वाचत बसतो. सीड 1 पासून 40 पर्यंत ओळीनं घ्यायचे. पायऱ्या 30, गायडन्स (शब्दांकडे झुकण्याचा जोर) 7.5, आकार 512 चौरस, यांतलं काही मध्येच बदलायचं नाही. सॅम्पलर, म्हणजे गोंगाट काढण्याची रीत, डीडीआयएम किंवा साधा युलर. नावापुढं 'ए' असलेला युलर टाळायचा, कारण तो प्रत्येक पायरीला नवा गोंगाट मिसळतो. पायऱ्या 30 च्या 40 केल्या तर मांडणीच बदलते आणि फरक शब्दामुळं पडला की मिसळलेल्या गोंगाटामुळं, ते सांगता येत नाही. मुंग्यांची मांडणी प्रोसेसरवर एक आणि ग्राफिक्स कार्डावर दुसरी निघते, म्हणून सगळी चित्रं एकाच यंत्रावर काढायची. मग रिकाम्या प्रॉम्प्टचा एक संच काढायचा, शब्द नसताना मशीन कुठं झुकतं ते बघायला. त्यानंतर एका वेळी एकच शब्द बदलायचा. 'जळगाव' काढला की काय जातं? माझ्या संचात फेटा गेला, पिवळी केळी राहिली.

चाळीस चित्रं ए-थ्री कागदावर आठ बाय पाच अशी छापली की एकेक साधारण 48 मिलिमीटरचं होतं. वर बटर पेपर ठेवून क्षितिज, उजेडाची दिशा, हातांची जागा आणि केळ्यांच्या टोकांचा रोख एवढंच पेन्सिलीनं काढायचं. मग चित्र काढून घेऊन नुसता बटर पेपर बघायचा. चाळीस बाण खाली रोखलेले दिसतात. स्क्रीनवर एकेक चित्र चाळताना हे दिसत नाही, कारण डोळा चेहऱ्यात अडकतो.

देवनागरीत प्रॉम्प्ट देऊ नका, हेही सांगून ठेवतो. या मॉडेलचा शब्द वाचणारा भाग, क्लिप, एका वेळी 77 तुकडे घेतो, त्यांतले दोन सुरुवात-शेवटाचे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'जळगाव' चे पंधरा बाइट होतात आणि शब्द तुकड्यांत फुटतो. लांब वाक्याची शेपटी तर मशीनपर्यंत पोचतच नाही. चॅटजीपीटीतून दाल-ई 3 हे चित्रांचं मॉडेल वापरलं जायचं तेव्हा चॅटजीपीटी तुमचा प्रॉम्प्ट आधी स्वतः नव्यानं लिहून घ्यायचं. मग जे चित्र आपण वाचतो ते आपल्या शब्दांचं नसतंच. बहुतेक वाचनं इथं फसतात.

हे मी एकटाच करत नाही. संशोधक केट क्रॉफर्ड आणि कलाकार ट्रेव्हर पॅगलेन यांनी 2019 मध्ये मिलानला मशीनला शिकवायला वापरलेल्या फोटोंचंच प्रदर्शन मांडलं होतं. कलाकार आणि संशोधक एरिक सॅल्व्हॅजिओ यांनी 2022 मध्ये चुंबन घेणाऱ्या माणसांची मशीनने केलेली चित्रं घेऊन दाखवलं, की असं चित्र म्हणजे डेटासेटचा आलेख म्हणून वाचता येतं. आणि बाहेरचं नको असेल तर चाळीसगावला जा. तिथले छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) टेबलावर मांडणी करून टेबल-टॉप छायाचित्रं घ्यायचे. ती मांडणी खरी जागा नव्हे म्हणून त्यात वाचण्यासारखं काही नाही, असं खान्देशात कुणी म्हणेल का? फरक एवढाच, की मूस यांच्या फोटोत आपण त्यांचा हेतू वाचतो. मशीनच्या चित्रात हेतू नाही, सवय आहे. ती लाखो लोकांच्या मथळ्यांतून आलेली आहे आणि ती एका चित्रात दिसत नाही, चाळीसांत दिसते.

सोयीची चित्रं निवडली असणार, हा मुद्दा नाही, आरोप आहे. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. चाळीसपैकी सहा छापली कारण पान जड होत होतं, आणि सीडचे नंबर लेखात दिले आहेत. नव्या मॉडेलचं म्हणाल तर तो वेगळाच विषय आहे. माझा लेख कोणत्या आवृत्तीवर आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद वाचला असतात तर हा प्रश्न पडला नसता.

राहिलं तुमचं आमंत्रण. मी ते खरंच घेतो. कांदेबागेच्या केळीची कापणी कधी धरताय ते कळवा. सतरा नंबरचं चित्र आणि त्याचा बटर पेपर सोबत आणतो. घडाशेजारी धरून दोघं मिळून बघू, आणि तिथंही मी काही चुकीचं म्हणत असेन तर तोंडावर सांगा.