विचारायला वाटेत माणूस नाही

मुलीने पुण्याहून फोन केला तेव्हा मी पडवीत आमसुलं पालथी करत होतो. "बाबा, या वर्षी नामिबिया. गाडी आपणच चालवायची." मी म्हटलं, "बरं." आमच्या गुहागरकडे 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ असतो. पुण्यात तो होकार धरतात. दोन दिवसांत तिने भाड्याच्या गाडीचा फोटो पाठवला. पांढरी, उंच, चारही चाकांना जोर असलेली आणि टपावर घडीचा तंबू.

"यात झोपायचं?" आत्याने चष्मा वर केला. "टपावर? खाली काय झालं?"

"खाली रात्री कोल्हे हिंडतात."

"कोल्हे आपल्याकडेही हिंडतात. म्हणून मी कौलांवर झोपते का?"

आत्या ८१ वर्षांची आहे आणि आमच्या घरात कुठलाही बेत तिच्या पडवीतल्या झोपाळ्यावरून पार पडावा लागतो. नामिबिया आफ्रिकेत आहे, १९९० साली स्वतंत्र झाला, हे तिने निमूट ऐकून घेतलं. आकाराने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि वस्ती साधारण ३० लाख, हे ऐकून मात्र झोपाळा थांबला. "एवढ्या जागेत एवढीच माणसं? मग वाट कुणाला विचारणार?"

हा प्रश्न नकाशा, पुस्तक, मोबाइल यांपैकी कुणीच मला विचारला नव्हता. माझं सगळं ड्रायव्हिंग विचारण्यावर उभं आहे. गुहागरहून चिपळूण जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पण तेवढ्यात तुम्ही रस्ता चुकूच शकत नाही, कारण काच खाली करायच्या आत समोरचा विचारतो, "कुणाकडचे तुम्ही?" मग तुमचं आडनाव, वाडी, मामाचं गाव असं सगळं निघतं आणि शेवटी कळतं की मागच्या पाणंदीलाच वळायला हवं होतं. तिकडे विंडहुक या राजधानीतून वाळवंटाच्या तोंडावरच्या सेसरीमला जायचं, तीनशेच्या वर किलोमीटर, आणि वाटेत एखादी गाडी समोरून आली तर लोक हात करतात म्हणे. का करणार नाहीत? दिवसातून दोनदाच संधी.

एक गोष्ट बरी आहे, तिकडेही गाडी डावीकडूनच चालवतात. रस्त्यांना अक्षरं आहेत. 'बी'चे बहुतेक डांबरी, 'सी' आणि 'डी'चे बहुधा खडीचे. खडीचं ऐकून मी हसलो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि दर गणपतीला त्यावरून पाहुणे सुखरूप घरी आलेले मी पाहिलेत. आम्हाला खडी काय सांगता! मुलगी म्हणाली, "बाबा, गोची तिथेच आहे. आपला खड्डा तुम्हाला हळू चालवायला लावतो. तिकडची खडी सपाट दिसते, माणूस शंभरने जातो, वळणावर चाक सरकतं आणि गाडी कोलांटी खाते." म्हणून खडीवर ८० च्या आतच राहायचं. अंधारात तर चालवायचीच नाही, कारण कुडू नावाचं सांबराएवढं हरीण रस्त्यात उडी घेतं.

मग विम्याचे कागद आले. नऊ पानं. मी आंब्याच्या पेटीचा हिशेब तपासतो तसे तपासले. साध्या विम्यात टायर नाही, काच नाही, गाडीचा तळ नाही, वाळूच्या वाऱ्याने रंग खरवडला तर तोही नाही. सगळ्यात सुंदर कलम पुढे होतं: दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेला अपघात भरपाईत नाही. ज्या देशात दुसरं वाहनच दिसत नाही तिथे! म्हणजे उलटायचं असेल तर आधी कुणाची तरी वाट बघत बसायचं. मुलीने जास्तीचे पैसे भरून वरचा विमा घेतला.

आंतरराष्ट्रीय परवाना मात्र सहज झाला. १००० रुपये, मुदत एक वर्ष. खिडकीपलीकडच्या माणसाने कुठे जाणार विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "तिकडून आपले चित्ते आले ना?" आले, २०२२ च्या सप्टेंबरात आठ आले कुनोला. आत्याचं म्हणणं, "त्यांना सरकारने खास विमानाने आणलं. तू पदरचे घालून जातोयस."

खरी लढाई तारखेवर झाली. आंबा संपल्याशिवाय मी हलत नाही. मग भाताची लावणी. मग गणपती. दिवाळीच्या आधी कापणी. तिकडे पाऊस नसलेले, थंडीचे महिने चांगले आणि सप्टेंबरात तर इटोशाच्या अभयारण्यात जनावरं पाणवठ्यांवर गोळा होतात. हे सगळं कॅलेंडरवर मांडलं तेव्हा मोकळा सापडला एकच पंधरवडा. पितृपक्ष.

घरात शांतता पसरली. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांची तिथी?" मी म्हटलं, तिकडे करू. आत्याने विचारलं, "आणि कावळा?"

मुलगी इरेला पेटली. अर्ध्या तासात तिने नामिबियातल्या कावळ्याचा फोटो आणला. कावळाच होता, शंका नाही, पण छाती आणि मान पांढरीशुभ्र. काळ्या कोटाखाली बंडी घातल्यासारखा. आत्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. "हा शिवेल?" तिने विचारलं. "शिवेल की." "मला नाही वाटत. हा वकिलासारखा दिसतो. आधी कागद मागेल." शेवटी तिथी चुलतभावाकडे गुहागरातच होईल असं ठरलं आणि बंडीवाल्याला फक्त नमस्कार करायचा.

यापुढे आत्याचा विरोध मवाळ झाला, कारण ती त्या मुलखात रमली. स्वाकोपमुंड गावाला समुद्र आहे तरी वर्षाला २० मिलिमीटरही पाऊस नाही, हे तिला पटेना. एवढा पाऊस आमच्याकडे जुलैत चहाचं आधण उकळेपर्यंत पडतो. मी समजावलं: तिथल्या समुद्रात दक्षिणेकडून थंडगार प्रवाह येतो, त्यामुळे ढग चढत नाहीत, नुसतं धुकं येतं. त्या धुक्यात एक काळा किडा वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेला थेंब घरंगळत तोंडात घेतो. आपल्याकडे धुकं आलं की मोहोराच्या काळजीने माझी झोप उडते. तिकडे तेच पाणी. "बिचारा," आत्या म्हणाली. तिथल्या उंच लाल टेकड्यांनी वेढलेल्या सपाट जागेचं नाव सोसुसव्लेई आहे हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "सोसवेल का तुला?"

ते पाहायलाच मुलीने तालीम लावली. त्या टेकड्यांच्या अलीकडचे शेवटचे पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू आहे, तिथे टायरची हवा उतरवायची असते. गॅरेजवाल्याला मी म्हटलं, हवा पंधरावर आणून दाखव. तो म्हणाला, "काका, ते पंक्चरच ना मग?" पैसे घेतले नाहीत त्याने. पंक्चर करायचे कसले पैसे, म्हणाला.

टायर बदलायची तालीम खळ्यात झाली. जुलैचा दुसरा रविवार, पाऊस उभा कोसळत होता. सगळी वाडी छत्र्या घेऊन आली. जॅक लावला, दांडा फिरवला, पण गाडी वर जायच्याऐवजी जॅक खाली गेला. तांबड्या चिखलात चार बोटं, मग वीत. कुणी म्हणालं दगड घाल, कुणी म्हणालं चिरा आण. चिरा आणला, तो मधोमध फुटला. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून मुलगी ओरडली, "वाळूतही असंच होतं बाबा, खाली रुंद फळी लागते!"

तेवढ्यात आत्या डोक्यावर खताची पिशवी पांघरून पडवीची पायरी उतरली. काखेत जेवणाचा पाट. फणसाच्या लाकडाचा, कडेला पितळी फुलं. तिने तो चिखलात ठेवला, पायाने दाबून बघितला, म्हणाली, "आता लाव."

गाडी वर आली. चाक बदलायला मला अकरा मिनिटं लागली, त्यातली चार तर नट कुठल्या बाजूला फिरतो यावर वाडीचं एकमत व्हायला गेली.

रात्री बायको सामानाची यादी करत होती. पाण्याचे कॅन, टॉर्च, कोकम, मेतकूट. आत्या झोपाळ्यावरून म्हणाली, "पाट लिहिलास का?" मी म्हटलं, लिहितो. "परत आण पण," ती म्हणाली. "चार आहेत, जोडी मोडते."